रूल गप्प, फाइल हजर: एका एक्सचेंज सर्व्हरचं प्रकरण

मार्च २०२१ चा दुसरा आठवडा. एका ऑफिसचा मेल सर्व्हर तपासायला आम्ही बसलो होतो. एक्सचेंज २०१६, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर, एकच मशीन, मेलबॉक्स पण त्यावरच आणि बाहेरून उघडणारं वेबमेल पण त्यावरच. तिथल्या ॲडमिनने आल्या आल्या सांगितलं, "सर, पॅच टाकलाय, आणि तो यूएमवाला रूल पण लावलाय, मागच्या महिन्याभराच्या सिसमॉन लॉगवर चालवून बघितला, एकही हिट नाही." रूल म्हणजे लॉगमधली संशयास्पद नोंद शोधायचा नियम, हा कोणता ते पुढे येईल, आणि सिसमॉन म्हणजे विंडोजवर कोणत्या प्रोसेसने काय केलं याची नोंद ठेवणारं टूल. माणूस मेहनती होता, खोटं काही बोलत नव्हता, रूल खरंच गप्प होता. मग आम्ही वेबमेलच्या लॉगिन पानाचं जे फोल्डर असतं, ओडब्ल्यूए म्हणजे त्या वेबमेलच्या आतलं ऑथ, ते उघडून तारखेप्रमाणे लावलं तर सगळ्यात वर एक एएसपीएक्स फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारं वेबपान, आठ अक्षरांचं काहीही अर्थ न लागणारं नाव, साधारण दोन केबी, तारीख ३ मार्च. आणि पॅच पडला होता ५ तारखेला.

रूल चुकीचा नव्हता आणि फाइल पण कुठे लपवलेली नव्हती, तरी दोघांची गाठ पडली नाही. ती का पडली नाही हे मला नीट मांडायचंय म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय, कारण अशी शांतता बघून निर्धास्त झालेले लोक मी नंतरही पाहिलेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. २ मार्च २०२१ ला मायक्रोसॉफ्टने एक्सचेंजच्या चार भोकांसाठी तातडीचे पॅच काढले. पहिलं सीव्हीई-२०२१-२६८५५ (सीव्हीई म्हणजे अशा भोकाला दिलेला जाहीर नंबर, पुढे फक्त शेवटचे आकडे लिहितोय), म्हणजे बाहेरून आलेली, लॉगिन न केलेली रिक्वेस्ट फ्रंटएंडला फसवून आतल्या बॅकएंडकडे सर्व्हरच्याच नावाने पाठवायची. दुसरं २६८५७, ते युनिफाइड मेसेजिंग सर्व्हिसमधलं डीसीरियलायझेशन (आलेला डेटा न तपासता उलगडणं), त्यातून थेट सिस्टम हक्काने कोड चालतो. आणि २६८५८ व २७०६५ ही दोन, आत शिरल्यावर डिस्कवर पाहिजे त्या ठिकाणी फाइल लिहायची. डेव्हकोअर या कंपनीतल्या ऑरेंज त्साय या संशोधकाने यातली दोन, २६८५५ आणि २७०६५, शोधून ५ जानेवारीलाच मायक्रोसॉफ्टला कळवली होती, प्रॉक्सीलॉगॉन हे नाव त्याच साखळीचं. मायक्रोसॉफ्टने सुरुवातीला हाफनियम या एकाच हल्लेखोर गटाचं नाव घेतलं, पण १० मार्चला ईसेट या सुरक्षा कंपनीने लिहिलं की किमान १० गट ही भोकं वापरतायत आणि ११५ हून जास्त देशांत ५,००० हून जास्त सर्व्हरवर वेबशेल, म्हणजे बाहेरून सर्व्हरवर कमांड चालवू देणारी वेबपानं, दिसलेत. त्यामुळे आमच्या सर्व्हरवर कोण आलं या प्रश्नावर मी वेळ घालवला नाही, काय लिहिलं गेलं आणि कोणत्या प्रोसेसने लिहिलं एवढंच धरून बसलो.

आता तो रूल. युनिफाइड मेसेजिंग, म्हणजेच यूएम, हा व्हॉइसमेल वगैरे सांभाळणारा भाग, एक्सचेंज २०१९ मध्ये तो काढूनच टाकलाय पण २०१३ आणि २०१६ मध्ये आहे. त्याची यूएमवर्करप्रोसेस नावाची प्रोसेस तशी अगदी ठरावीक कामं करते, कॅशे क्लीनअपची एक बिन फाइल, टेक्स्ट, लॉग, सीएफजी, बस्स. म्हणून त्या दिवसांत जी शोध-क्वेरी सगळीकडे फिरत होती तिचा अर्थ इतकाच होता की या प्रोसेसने हे चार-पाच प्रकार सोडून दुसरी कुठलीही फाइल लिहिली तर दाखव. दुसऱ्या एका रूलमध्ये तीच प्रोसेस आणि यूएमसर्व्हिस धरून, वेबच्या फोल्डरमध्ये एएसपीएक्स, जेएसपी, पीएचपी असं काही लिहिलं तर ओरड, असं होतं. मला हा विचार मनापासून आवडतो. फाइलच्या आत काय आहे ते ओळखण्याच्या भानगडीत न पडता, या प्रोसेसची रोजची सवय काय आणि आज तिने सवय सोडून काय केलं, एवढंच बघायचं. वेबशेलचा मजकूर दहा प्रकारे बदलता येतो, पण व्हॉइसमेलच्या प्रोसेसला लॉगिनच्या फोल्डरमध्ये वेबपान लिहायचं कारण काय, याला काही उत्तरच नसतं.

पण तो रूल २६८५७ च्या वाटेसाठी होता. आमच्याकडे आलेला माणूस त्या वाटेने आलाच नव्हता. ज्या दारावर घंटा बांधली होती ते दार कोणी उघडलं नाही, एवढाच त्या शांततेचा अर्थ होता, आणि ॲडमिनने तो अर्थ "घरात कोणी शिरलं नाही" असा लावला. आम्ही फोल्डर उघडण्याआधी आमच्यातल्या एकाने पण तोच लावला होता.

मग फाइल कोणी लिहिली ते शोधायला घेतलं. सिसमॉनचा ११ नंबरचा इव्हेंट, फाइल तयार झाल्याचा, त्यात ती नोंद होती. लिहिणारी प्रोसेस डब्ल्यू३डब्ल्यूपी, म्हणजे आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरची वर्कर प्रोसेस. आता इथे एक अडचण येते जी सांगायलाच हवी. एक्सचेंजवर डब्ल्यू३डब्ल्यूपी एक नसते, ओडब्ल्यूएची वेगळी, ईसीपीची वेगळी, ऑटोडिस्कव्हरची वेगळी, असे बरेच ॲप पूल, म्हणजे वेगवेगळे चालणारे वेब ॲपचे गट, आणि प्रत्येकाची प्रोसेस तेच नाव लावून चालू. ११ नंबरच्या इव्हेंटमध्ये कमांडलाइन नसते, त्यामुळे नुसतं नाव बघून कोणता पूल ते कळत नाही. त्यात प्रोसेस जीयूआयडी, म्हणजे त्या प्रोसेसचा एकमेव ओळख-नंबर, असतो, तो घेऊन १ नंबरच्या, प्रोसेस सुरू झाल्याच्या इव्हेंटपर्यंत मागे जायचं, तिथे कमांडलाइनमध्ये पूलचं नाव मिळतं. आणि वर्कर प्रोसेस कधीकधी कितीतरी दिवस आधी सुरू झालेली असते, तेवढ्यात लॉग भरून जुन्या नोंदी पुसल्या गेल्या असतील तर दुवा तुटला. आमच्याकडे महिन्याभराचा लॉग बाहेर दुसऱ्या मशीनवर जात होता म्हणून मिळाला. पूल निघाला ईसीपीचा, म्हणजे ॲडमिन लोकांचं जे वेबवरचं कंट्रोल पॅनल असतं त्याचा.

वेळ जुळवताना अर्धा दिवस गेला. आयआयएसचे लॉग यूटीसीमध्ये म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, सिसमॉनची आतली वेळ यूटीसीमध्ये, आणि एक्सप्लोररमध्ये दिसणारी फाइलची वेळ स्थानिक. ॲडमिन स्थानिक वेळ घेऊन आयआयएसच्या लॉगमध्ये शोधत होता आणि त्या मिनिटाला तिथे काहीच नव्हतं, म्हणून त्याला वाटलं की लॉग पण पुसलेत. पुसलेले नव्हते. सगळं यूटीसीला आणून एका तक्त्यात लावलं तेव्हा ओळी आपोआप एकाखाली एक बसल्या.

फ्रंटएंडच्या लॉगमध्ये दिसलं की ईसीपीखालच्या एका अक्षराच्या जेएस फाइलला पोस्ट, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या, रिक्वेस्ट येतायत. स्टॅटिक फाइलला पोस्ट कोण करतं? आणि ती फाइल डिस्कवर अस्तित्वातच नव्हती. एक्सचेंजच्या एचटीटीपी प्रॉक्सी लॉगमध्ये त्याच रिक्वेस्टना युजरचा रकाना रिकामा आणि अँकर मेलबॉक्सच्या रकान्यात सर्व्हरइन्फो आणि टिल्डेने सुरू होणारी ओळ, ही २६८५५ ची ठरलेली खूण. बॅकएंड साइटच्या लॉगमध्ये, तो वेगळ्या फोल्डरमध्ये असतो आणि लोक तो उघडायचाच विसरतात, त्याच सेकंदाला ईसीपीच्या डीडीआय सर्व्हिसला, म्हणजे पॅनलमधून सेटिंग बदलणाऱ्या भागाला, कॉल. आणि ईसीपीच्या स्वतःच्या सर्व्हर लॉगमध्ये सेट-ओएबी-व्हर्च्युअलडिरेक्टरी ही कमांड, एक्सटर्नल यूआरएल बदललेली.

म्हणजे झालं असं. ओएबी म्हणजे ऑफलाइन ॲड्रेस बुक, त्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता लिहायची एक जागा असते. हल्लेखोराने तिथे पत्त्याऐवजी स्क्रिप्टची एक ओळ भरली. मग ती डिरेक्टरी रीसेट करायला सांगितली. रीसेट करताना एक्सचेंज जुनी सेटिंग एका फाइलमध्ये उतरवून ठेवतं आणि कोणत्या फाइलमध्ये ते सांगणाराच ठरवतो, त्याने ऑथ फोल्डरमधलं एएसपीएक्स नाव सांगितलं. झालं. फाइल उघडून बघितली तर वरून खालपर्यंत साधी सेटिंगची यादी, नाव, पोलिंगची वेळ, सर्व्हर, आणि मध्येच एक्सटर्नल यूआरएलच्या पुढे ती एक ओळ. आयआयएसला बाकी मजकुराशी घेणंदेणं नाही, स्क्रिप्टचा तुकडा दिसला की तो चालवणार. चायना चॉपर जातीचा वेबशेल, एका ओळीचा. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की फाइल लिहिणारी प्रोसेस एक्सचेंजची, लिहायचं काम एक्सचेंजचंच नेहमीचं, कोणतीही परकी एक्सई आली नाही, म्हणून अँटीव्हायरसला त्या क्षणी खटकण्यासारखं फारसं काही नव्हतं. खटकण्यासारखं एकच होतं, कंट्रोल पॅनलची प्रोसेस वेबमेलच्या लॉगिन फोल्डरमध्ये वेबपान लिहितेय.

ॲडमिनने विचारलं, "पण ओएबीची सेटिंग आत्ता बघितली तर तिथे काहीच नाही सर." बरोबर आहे, रीसेट झाल्यावर ती डिरेक्टरी नव्याने बनते, त्यामुळे तिथे काही सापडलं तर पुरावा आणि नाही सापडलं तर त्यावरून काहीच ठरत नाही.

पुढचा भाग जास्त गंभीर होता. फाइल लिहिली ईसीपी पूलच्या डब्ल्यू३डब्ल्यूपीने, पण ती फाइल बसली ओडब्ल्यूएच्या फोल्डरमध्ये, म्हणून तिला बाहेरून हाक मारली की ती चालते ओडब्ल्यूए पूलच्या डब्ल्यू३डब्ल्यूपीमध्ये. दोन वेगळ्या प्रोसेस, नाव एकच. पॅरेंट-चाइल्डची साखळी धरून मागे गेलात तर कमांडपासून ओडब्ल्यूएच्या प्रोसेसपर्यंत पोचता आणि तिथे रस्ता संपतो, ती फाइल आली कुठून ते कळतच नाही. दोन्ही टोकांना जोडणारी वस्तू फक्त ती फाइल. म्हणून माझा आग्रह असतो की प्रोसेस इव्हेंट आणि फाइल इव्हेंट दोन्ही पाहिजेत, एकावर भागवू नका.

ओडब्ल्यूएच्या प्रोसेसखाली सीएमडी सुरू झालेली दिसली, कमांडलाइनच्या शेवटी चौकटी कंसात एस आणि ई छापणारे इको, चायना चॉपरचा क्लायंट उत्तर कुठून कुठपर्यंत वाचायचं ते कळायला असे वापरतो. आधी हूएमआय (आपण कोणत्या खात्याने चालतोय ते सांगणारी कमांड), मग डोमेनचे ग्रुप, मग एक्सचेंज ऑर्गनायझेशन ॲडमिनिस्ट्रेटर्स या ग्रुपमधून ॲडमिनिस्ट्रेटरला काढायची कमांड, ही त्या महिन्यात बऱ्याच ठिकाणी दिसली होती. आणि त्यानंतर रनडीएलएल३२ ने कॉमएसव्हीसीएस डीएलएल वापरून एलसासचा, म्हणजे लॉगिनची गुपितं सांभाळणाऱ्या विंडोजच्या प्रोसेसचा, मेमरी डम्प, विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये. ही ओळ दिसली तेव्हाच ठरलं की हा सर्व्हर साफ करून वापरायचा नाही, नव्याने उभा करायचा, आणि त्या मशीनवर लॉगिन झालेल्या प्रत्येक खात्याचा पासवर्ड गेला असं धरून चालायचं.

वेबशेलची फाइल पहिल्यांदा उघडली जाते तेव्हा एएसपी डॉटनेट ती कंपाइल करतं आणि टेम्पररी एएसपी डॉटनेट फाइल्सच्या फोल्डरमध्ये डीएलएल आणि शेजारी एक डॉट कंपाइल्ड फाइल टाकतं, त्यात मूळ पानाचा व्हर्च्युअल पाथ लिहिलेला असतो. हल्लेखोराने शेल पुसला तरी हे बऱ्याचदा मागे राहतं. तिथे आम्हाला दुसऱ्या एका नावाची नोंद मिळाली, ती फाइल ऑथ फोल्डरमध्ये आता नव्हती. म्हणजे दोन शेल पडले होते, एक काढून टाकलेला. ११ नंबरच्या इव्हेंटमध्ये परत बघितलं तर त्याची पण निर्मिती तिथे होतीच, पहिल्याच्या आधी काही तास. वेगळी माणसं असू शकतात, तेच असू शकतात.

आणि मग ती गोष्ट जी ११ नंबरने दाखवलीच नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सचेंजच्या मूळ फाइलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, आणि ते जुळवायची स्क्रिप्ट दिली होती, ती चालवली. पासवर्डची मुदत संपली की जे पान दिसतं त्या मूळ एएसपीएक्सचा हॅश जुळेना. उघडली तर खाली शेवटी एक ओळ जास्तीची. बदलाची तारीख पण जुनीच ठेवलेली, म्हणून तारखेच्या यादीत ती वर आलीच नव्हती. ११ नंबर फाइल नवी बनली किंवा पूर्ण वरून लिहिली तरच नोंद करतो, असलेल्या फाइलीच्या शेवटी भर टाकली तर गप्प बसतो. २ नंबरचा इव्हेंट फाइलची निर्मितीची वेळ बदलली तर सांगतो, बदलाची वेळ फिरवली तर नाही. यूएसएन जर्नलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या फाइलबदलांच्या विंडोजच्या नोंदवहीत, मिळालं असतं पण मेल सर्व्हरवर ते लवकर भरून फिरतं, आम्ही पोचलो तोवर त्या दिवसाच्या नोंदी गेल्या होत्या. शेवटी सीएमडीच्या कमांडलाइनमध्येच सापडलं, इको आणि दोन मोठे-पेक्षा चिन्हं, त्या पानाच्या पाथसकट. फक्त नव्या एएसपीएक्स शोधून, पुसून, पॅच टाकून कोणी समाधान मानलं असतं तर हा मागे राहिला असता. पॅच भोक बुजवतो, आत पडलेली फाइल काढत नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत कोर्टाची परवानगी घेऊन एफबीआयने शेकडो सर्व्हरवरचे वेबशेल काढले, ते त्यामुळेच.

पॅचबद्दल एक, कारण इथेही तसं झालं होतं. पॅचची ती एमएसपी फाइल नुसती डबल क्लिक करून टाकली आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली नाही तर काही फाइली नीट बदलत नाहीत, आणि इन्स्टॉलर चूक झाली असं काही सांगत नाही. ॲडमिनने पहिल्यांदा तसंच केलं होतं, ओडब्ल्यूए बिघडलं म्हणून त्याला कळलं, मग परत एलिव्हेटेड कमांड प्रॉम्प्टवरून टाकला.

नवीन सर्व्हर उभा केल्यावर रूल आम्ही उलटा लिहिला. आधी जागा, मग प्रोसेस. बाहेरून वेबवर उघडणारी जेवढी फोल्डर आहेत, ओडब्ल्यूए ऑथ, ईसीपी ऑथ, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूटमधलं एएसपीनेट क्लायंट, त्यांची यादी. त्यात एएसपीएक्स, एएसएचएक्स, एएसएमएक्स, एएसपी किंवा वेब कॉन्फिग कोणीही लिहिलं तर अलर्ट, आणि अपवाद फक्त एक्सचेंजचा सेटअप आणि विंडोज इन्स्टॉलर, तेही आम्ही कळवून ठेवलेल्या मेंटेनन्सच्या वेळेतच. एएसपीनेट क्लायंटमध्ये तर एक्सटेन्शन बघायचंच नाही, निरोगी सर्व्हरवर त्या फोल्डरमध्ये कोणी काही लिहीत नसतं. डब्ल्यू३डब्ल्यूपी, यूएमच्या दोन प्रोसेस यांनी लिहिलं तर तीव्रता सगळ्यात वरची. क्युम्युलेटिव्ह अपडेट टाकला त्या दिवशी अलर्टचा पाऊस पडला, एक एक बघून सगळे सेटअपचे निघाले, त्यात दुपार गेली, पण मला ते चालतं, वर्षातून काही वेळाच येतं ते.

भर टाकणं आणि नाव बदलणं, म्हणजे आधी टीएक्सटी लिहून नंतर एएसपीएक्स करणं, हे ११ नंबरला दिसत नाही, म्हणून त्याच फोल्डरवर विंडोजचं फाइल ऑडिटिंग लावलं. ४६६३ नंबरच्या इव्हेंटमध्ये लिहिण्याचा आणि पुसण्याचा हक्क वापरला की नोंद येते, प्रोसेसच्या नावासकट. अख्ख्या ड्राइव्हवर ते लावलं तर लॉग बुडतो, म्हणून फक्त या फोल्डरांवर. हॅश जुळवणी रोज रात्री, दुसऱ्या मशीनवरून.

ऑगस्ट २०२१ मध्ये प्रॉक्सीशेल या एक्सचेंजवरच्या दुसऱ्या हल्ल्याची लाट आली, सीव्हीई-२०२१-३४४७३, ३४५२३ आणि ३१२०७, पॅच एप्रिल-मेमध्येच येऊन गेले होते. त्यात वेबशेल यायचा मेलबॉक्स एक्सपोर्टमधून. ड्राफ्टमध्ये मजकूर टाकायचा आणि मेलबॉक्स एएसपीएक्स नावाच्या पीएसटीमध्ये, म्हणजे मेल साठवायच्या फाइलमध्ये, एक्सपोर्ट करायला सांगायचं, पीएसटी लिहिताना अक्षरांची जी अदलाबदल होते तिचा हिशेब आधीच करून मजकूर टाकलेला असायचा, म्हणजे डिस्कवर उतरल्यावर बरोबर स्क्रिप्ट बनायची. आणि लिहिणारी प्रोसेस एमएसएक्सचेंज मेलबॉक्स रेप्लिकेशन. यूएम नाही, डब्ल्यू३डब्ल्यूपी पण नाही. आम्ही टेस्ट मशीनवर त्याच फोल्डरमध्ये एएसपीएक्स नावाने एक एक्सपोर्ट करून बघितला, रूलला हात न लावता अलर्ट आला, आणि मग ती प्रोसेस पण वरच्या तीव्रतेच्या यादीत घातली.

जे अजून उघडं आहे ते पण लिहून ठेवतो. कोणी डिस्कवर काहीच न लिहिता थेट डब्ल्यू३डब्ल्यूपीच्या मेमरीत मॉड्यूल चढवलं तर यातलं काही वाजणार नाही. त्यासाठी डब्ल्यू३डब्ल्यूपीने कोणती प्रोसेस सुरू केली आणि बाहेर कुठे कनेक्शन केलं हे वेगळं बघतोय. ओडब्ल्यूए पूलखाली सीएमडी किंवा पॉवरशेल सुरू झालं तर रात्री पण फोन वाजतो, तो नंबर त्याच ॲडमिनकडे आहे आणि त्याने तो स्वतः मागून घेतलाय.